हौशी आणि धंदेवाईक



आजच्या भाषणाचा विषय माझ्या गावच्या मुलांनी मजवर लादला आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीड नावाचे गाव आहे. जिजाऊंच्या जन्मस्थानाहून मेहकरकडे निघाले म्हणजे ते वाटेत लागते. कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या या मुलुखात आता दिवेलागणीच्या सुमारास घरोघरच्या ओट्यांवर चार-चार मुले माना खाली घालून बसलेली दिसतात. प्रत्येकाच्या हाती मोबाईल असतो, कानांत इयरफोन असतात, आणि मधूनच 'डावीकडे बघ', 'मागे हट' असे हुकूम सुटत असतात. बहुतेकांस हा केवळ विरंगुळा आहे. परंतु त्यांतलाच एखादा मुलगा माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकास वाटेत गाठून विचारतो, "गुरुजी, यावर पोट भरता येईल का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो ज्या वयात विचारला जातो, त्याच वयात मुलाच्या पुढील चाळीस वर्षांची दिशा ठरत असते. शहरांतील सुशिक्षित घरांतही हाच प्रश्न उभा आहे. तेथे तो मुलगा विचारीत नाही, आईबाप आपसांत कुजबुजतात, एवढाच काय तो फरक. मी इतिहासाचा शिक्षक. भविष्य सांगणे हा माझा अधिकार नव्हे. मात्र हौशी खेळाडूचा धंदेवाईक खेळाडू कसा होतो, याचे पुष्कळ दाखले आपल्या महाराष्ट्रातच पडलेले आहेत. ते पाहून पडद्यावरील खेळाकडे वळलो, तर उत्तराची दिशा दिसेल, असे मला वाटते.

आरंभी शब्दांचा विचार करू. 'हौशी' आणि 'धंदेवाईक' ही जोडी मराठीत विशेषेकरून नाटक मंडळ्यांमुळे रूढ झाली. दिवसा कचेरीत काम करून रात्री तालीम करणारा तो हौशी नट. ज्याची चूल नाटकावर पेटते तो धंदेवाईक. नाटकाच्या प्रयोगासही आपण 'खेळ' म्हणतो, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडात हाच भेद क्रिकेटमध्ये फार कडवेपणाने पाळला जाई. तेथे बिनमोबदला खेळणारे 'जंटलमन' आणि मजुरी घेऊन खेळणारे 'प्लेअर्स' अशा दोन जातीच मानीत, आणि त्यांचे परस्परांविरुद्ध सामने होत. हा भेद १९६२ च्या हंगामानंतर रद्द झाला. ऑलिंपिकमध्ये तर जिम थॉर्प या अमेरिकन वीराने १९१२ साली स्टॉकहोम येथे जिंकलेली दोन सुवर्णपदके पुढच्याच वर्षी काढून घेण्यात आली. पूर्वी बेसबॉल खेळण्याबद्दल त्याने थोडेसे पैसे घेतले होते, हाच त्याचा अपराध! खेळून पैसे मिळविणे ही गोष्ट प्रतिष्ठितांस हलकी वाटत असे. आज पडद्यावरच्या खेळाडूकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तिचे मूळ बरेच जुने आहे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. सांगलीस विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, ते सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखाली. राजा खर्च सोशीत होता तोवर नाटक हा दरबारचा विलास होता. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि आश्रय सुटला. मग भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकिटे लावून खेळ केले, आणि मराठी नाटकाचा धंदा सुरू झाला. नटांचे कसब सांगलीस जे होते तेच मुंबईस होते. बदलला तो पोसणारा. राजाच्या जागी तिकीट काढणारा प्रेक्षक आला, आणि त्याच्या आवडीनिवडीप्रमाणे खेळाचे रूपही बदलत गेले.

कुस्तीची कथा अशीच आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांस खुराक दिला, तालमींस हात दिला, आणि रोम येथील प्राचीन रंगमंडळ पाहून आल्यावर १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले. हजारो माणसे बसून कुस्ती पाहतील असे ते मैदान झाले, तेव्हा खेड्यातल्या पोरास मल्लविद्येवर निर्वाह होऊ शकेल असे वाटू लागले. परंतु संस्थाने गेल्यावर काय झाले? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूर दरबारच्या साहाय्याने. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा पैशांसाठी दारोदार फिरावे लागले. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तरीही त्यांची चूल कुस्तीवर चालली नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात लागले आणि पगारावर संसार केला.

तिसरा दाखला बाळू पालवणकरांचा. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारा हा तरुण साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. चेंडू टाकण्यासाठीच तो नोकर होता. फलंदाजी करण्याची त्यास मुभा नव्हती. साहेबांच्या सरावातूनच त्याची गोलंदाजी तयार झाली. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघात त्याने ११४ बळी घेतले. कौशल्य असे अद्वितीय असूनही जातीमुळे पुण्यास त्यास चहा निराळ्या भांड्यात बाहेर बसून घ्यावा लागे, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यास कधीच मिळाले नाही. खेळावर पोट भरत होते. पण कोणत्या अटीवर भरावयाचे, हे पोसणारा ठरवीत होता.

या तीन कथांतून मी एवढेच निष्पन्न काढतो की, हौशीचा धंदेवाईक होण्यास दोन गोष्टी लागतात. एक अंगचे कसब, आणि दुसरा आश्रय. कसब खेळाडूच्या हाती असते. आश्रय त्याच्या हाती नसतो. तो राजाचा असेल, तिकिटाचा असेल, नोकरीचा असेल. परंतु ज्याचा आश्रय, त्याच्या अटी. हे सूत्र हाती धरून आता पडद्यावरील खेळाचा इतिहास पाहू.

हा खेळ जन्मला तो प्रयोगशाळेत. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ साली, पाहुण्यांची करमणूक व्हावी म्हणून, एका लहानशा वर्तुळाकार पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनी 'स्पेसवॉर' रचला. त्यात दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करीत. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी स्टॅनफर्ड येथे याच खेळाचे सामने भरले. पडद्यावरील खेळाची सर्वांत जुनी ज्ञात स्पर्धा हीच होय. बक्षीस होते एका मासिकाची वर्षभराची वर्गणी! हौशीपणाचे याहून निर्मळ उदाहरण सापडणार नाही.

त्याच वर्षी 'पाँग' हा नाणे टाकून खेळावयाचा खेळ बाजारात आला, आणि १९७८ साली जपानात 'स्पेस इन्व्हेडर्स' निघाला. १९८० साली अमेरिकेत त्याच्या स्पर्धेत दहा हजारांहून अधिक खेळाडू उतरले. स्पर्धा भरविली ती अटारी या कंपनीने, आणि हेतु उघड होता : खेळ खपावा. येथे एक नवीन पात्र रंगभूमीवर आले. कुस्तीस, बुद्धिबळास किंवा आट्यापाट्यांस कोणी धनी नसतो. या खेळास मात्र पहिल्या दिवसापासून धनी आहे. १९९७ साली 'क्वेक' या खेळाच्या स्पर्धेत डेनिस फाँग या तरुणाने फेरारी मोटार जिंकली, ती त्या खेळाच्या एका कर्त्याची, जॉन कारमॅकची, स्वतःची मोटार होती. आश्रयदाता आणि खेळाचा धनी एकच झाले, ते असे.

या खेळाचा खराखुरा धंदा मात्र दक्षिण कोरियात झाला. १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर तेथे संगणक भाड्याने देणारी खेळघरे गल्लोगल्ली निघाली. पुढल्या वर्षी 'स्टारक्राफ्ट' हा युद्धखेळ आला आणि तरुणांनी तो उचलून धरला. २००० साली खेळाडूंची राष्ट्रीय संघटना निघाली, सामने दाखविणारी दूरचित्रवाहिनी सुरू झाली, कंपन्यांनी संघ पोसले. मुले एकाच घरात राहून दिवसाचे दहा-बारा तास सराव करू लागली. आपल्या तालमींची ही नवी आवृत्तीच होती. परंतु दोन संकटे आली. एक, २०१० साली उघडकीस आले की, काही नामांकित खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने हरले होते. त्यांस जन्मभरासाठी काढून टाकण्यात आले. दुसरे संकट अधिक विचार करण्याजोगे आहे. स्टारक्राफ्टची मालक कंपनी ब्लिझर्ड पुढे आली आणि म्हणाली, खेळ आमचा, तो दाखविण्याचा हक्कही आमचा. संघटना, वाहिन्या आणि कंपनी यांचा हा तंटा कित्येक वर्षे चालला, न्यायालयात गेला, आणि २०११ साली समझोत्याने मिटला. खेळाडूंनी आपल्या घामाने ज्या खेळास राष्ट्रीय मान मिळवून दिला, त्यावर त्यांचा कायद्याने कसलाच हक्क नव्हता.

आपल्या देशात हा खेळ प्रथम मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या सायबर कॅफेत रुजला. ताशी भाडे देऊन मुले 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. मुंबईच्या अंकित पंथ यांच्यासारखे खेळाडू त्या पिढीचे. तेव्हा पोसणारा कोणी नव्हता. बक्षिसेही भरवशाची नसत. २०१२ साली दिल्लीजवळ मोठमोठ्या रकमा जाहीर करून एक मेळावा भरविण्यात आला आणि तो मध्येच विस्कटला. दूरदूरहून गेलेले खेळाडू हात हलवीत परत आले.

खेड्यापर्यंत खेळ पोहोचला तो संगणकामुळे नव्हे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इंटरनेटचा दर कोसळला, आणि स्वस्त मोबाईल घरोघर आले. मार्च २०१८ मध्ये 'पबजी मोबाईल' जगभर प्रसिद्ध झाला. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप सांगतो. शंभरपर्यंत खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. शस्त्रे शोधतात. सुरक्षित प्रदेशाचे वर्तुळ घटकेघटकेला लहान होत जाते, आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. स्पर्धेत चौघांचा संघ असतो. एकजण नायक, वर्तुळ कोठे सरकेल याचा अंदाज बांधून तो हुकूम देतो. दुसरा पुढे घुसतो, तिसरा दुरून नेम धरतो, चौथा पाठ राखतो. किती शत्रू मारले आणि कितव्या क्रमांकापर्यंत टिकले, या दोहोंचे गुण मिळतात. म्हणजे नुसती बोटांची चपळाई पुरत नाही. नकाशा पाठ हवा, धीर हवा आणि दुसऱ्याचा हुकूम मानण्याची सवय हवी.

आमच्या ओट्यावरच्या मुलाची चढण अशी असते. प्रथम तो सोबत्यांबरोबर खेळतो. मग गावात आपल्या तोडीचा कोणी नाही, असे त्याच्या ध्यानी येते. पुढे तो परक्या गावच्या, कधी परक्या प्रांतांच्या मुलांशी संघ बांधतो. ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही त्यांच्या आवाजावर भिस्त ठेवतो. रोज ठरल्या वेळी सराव-सामने होतात. नंतर त्यांचे चित्रीकरण पाहून चुका काढावयाच्या असतात. खेळाच्या कंपनीची वार्षिक राष्ट्रीय स्पर्धा असते. तिची पहिली पायरी सर्वांस खुली असते. दुसरबीडच्या मुलानेही घरबसल्या नाव नोंदवावे, असा हा दरवाजा आहे, आणि ही गोष्ट फार मोलाची आहे. खासबागेत उतरण्यास कोल्हापूरला जावे लागे. येथे तसे नाही.

परंतु दरवाजा सर्वांस खुला असला तरी उंबरठा सर्वांस सारखा नाही. मोबाईलने पाठविलेली आज्ञा दूरच्या यंत्रापर्यंत जाऊन परत येण्यास सेकंदाचा अंश लागतो. शहरात चांगल्या जोडणीवर तो अंश इतका अल्प असतो की जाणवत नाही. खेड्यात पावसाच्या सरीने, वीज गेल्याने, मनोऱ्यावरच्या गर्दीने तो वाढतो. आणि तेवढ्यात समोरच्याचा बार सुटलेला असतो. शिवाय उत्तम मोबाईलची किंमत एका शेतकऱ्याच्या हंगामाच्या खर्चाशी स्पर्धा करते. खाशाबांच्या वेळी प्रवासखर्चाचे ७,००० रुपये आडवे आले. आता यंत्राची किंमत आडवी येते.

या चढणीवर जे वर पोहोचले, त्यांची मिळकत कशाची? संघाचा मासिक पगार, बक्षिसाचा वाटा, जाहिराती, आणि आपला खेळ यूट्यूबवर हजारो लोकांस दाखवून होणारे उत्पन्न. मुंबईचे आदित्य सावंत, ज्यांस मुले 'डायनॅमो' या नावाने ओळखतात, यांची ख्याती मुख्यतः या शेवटच्या मार्गाने झाली. येथे मला भाव्यांची आठवण येते. बोलका, विनोदी, प्रेक्षकांस बांधून ठेवणारा खेळाडू बक्षिसे न जिंकताही निभावून नेतो; उलट अबोल पण निष्णात खेळाडूची ओढाताण होते. तिकीट काढणारा प्रेक्षक पुन्हा एकदा धनी झाला आहे. ज्या मुलास या पेशात उतरावयाचे आहे त्याने आपण मल्ल होणार की नट होणार, हे आधी ओळखणे अगत्याचे आहे.

आता मुख्य गोष्ट. २ सप्टेंबर २०२० रोजी, सीमेवरील तणावाच्या दिवसांत, केंद्र सरकारने चीनशी संबंध असलेली ११८ ॲप्स बंद केली. त्यांत पबजी मोबाईल होता. एका दिवसात खेळाडूंचे मैदान नाहीसे झाले. क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ जुलै २०२१ मध्ये भारतासाठी निराळ्या नावाने आणला. बीजीएमआय असे त्याचे संक्षिप्त नाव. पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेस एक कोटी रुपयांची बक्षिसे लागली. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याचे सामने स्टार स्पोर्ट्सच्या वाहिनीवर दिसले, आणि आईबापांसही वाटू लागले की, हे काहीतरी खरे आहे. त्या स्पर्धेचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच, २८ जुलै २०२२ रोजी, सरकारच्या आदेशाने तो खेळही दुकानांतून काढला गेला. तो परतला मे २०२३ मध्ये, दहा महिन्यांनी.

दहा महिने म्हणजे काय, याचा विचार करा. चपळाईवर चालणाऱ्या या पेशात उमेदीची वर्षे थोडी. त्यांतले जवळजवळ एक वर्ष. कोणी दुसऱ्या खेळाकडे वळला, कोणी केवळ गप्पागोष्टींवर प्रेक्षक सांभाळले, कोणी पुन्हा पुस्तके उघडली. सरकारचा निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा विचार सरकारने करावयाचाच असतो. मुद्दा असा की, कुस्ती कोणास अशी बंद करता येत नाही. राजा गेला तरी लाल माती राहते. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली. तिच्या पटावरच्या चौसष्ट घरांस कोणी मालक नाही. उद्या सर्व कंपन्या बुडाल्या तरी तिचे ज्ञान तिच्याजवळ राहील. पडद्यावरील खेळाडूचे कौशल्य मात्र परक्याच्या वाड्यात राहणाऱ्या भाडेकऱ्यासारखे असते. धनी वाडा पाडील, भिंती हलवील किंवा दारास कुलूप लावील, त्यावेळी भाडेकऱ्याची संमति कोणी विचारीत नाही.

राज्यसंस्थेची दृष्टी या काळात किती पालटली, तेही पाहण्याजोगे आहे. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोट येथे पबजी खेळल्याबद्दल तरुणांस पोलिसांनी पकडले होते. त्याच गुजरातेतील भुजच्या तीर्थ मेहता या तरुणाने आदल्याच वर्षी, २०१८ साली, जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत पडद्यावरील खेळांच्या प्रात्यक्षिक स्पर्धेत भारतासाठी कांस्यपदक मिळविले होते! डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा अंतर्भाव क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत केला. २०२३ साली हांगझौ येथील आशियाई स्पर्धांत या खेळांस प्रथमच अधिकृत पदके ठेवण्यात आली. आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन खेळांविषयीच्या नव्या कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली.

या कायद्याने केलेला एक भेद प्रत्येक गृहस्थाने समजून घ्यावा. ज्यात कौशल्याची स्पर्धा आहे आणि पैज नाही, तो ई-स्पोर्ट. त्यास उत्तेजन द्यावयाचे. ज्यात करमणूक व शिक्षण आहे, तो सामाजिक खेळ; त्यास मोकळीक. परंतु ज्यात पैसे लावून अधिक पैशांची आशा धरावयाची असते, त्या खेळांस मनाई. ते चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलगा 'गेम खेळतो' असे आपण म्हणतो, तेव्हा तो या तिहींपैकी काय करतो, हे विचारल्याखेरीज त्यास रागावणे किंवा शाबासकी देणे दोन्ही व्यर्थ होय. द्यूत आणि मल्लविद्या यांना आपल्या पूर्वजांनी कधी एका मापाने मोजले नव्हते.

एक गोष्ट याहून नाजूक आहे. सराव आणि व्यसन बाहेरून सारखेच दिसतात. दोघांतही मुलगा तासन् तास पडद्यापुढे असतो. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगसूचीत खेळाच्या विकाराची नोंद केली असून ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. तिचे लक्षण तासांच्या संख्येवर ठरविलेले नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, आणि हे सामान्यतः वर्षभर चालू राहणे, अशी ती लक्षणे आहेत. खऱ्या धंदेवाईक खेळाडूची रीत याच्या उलट असते. तो ठरल्या वेळी बसतो आणि ठरल्या वेळी उठतो. आपला हरलेला सामना पुन्हा पाहण्याचे त्यास धैर्य असते. झोप मोडली तर नेम चुकतो, हे तो जाणतो. तालमीतला वस्ताद पोरास पहाटे उठवी तसा रात्री निजवीही. आमच्या ओट्यावरच्या मुलास वस्ताद नाही, हीच त्याची मोठी उणीव आहे. ती जागा घरातल्या वडील माणसांनी काही अंशी भरून काढली पाहिजे. खेळ स्वतःस समजत नसला तरी वेळेचा हिशेब सर्वांस समजतो.

तर मग "यावर पोट भरता येईल का?" या प्रश्नास मी उत्तर काय द्यावे? काहींचे भरते, हे खरे. फार थोड्यांचे भरते, हेही खरे. परंतु हे कुस्तीविषयी आणि नाटकाविषयीही तितकेच खरे होते, म्हणून केवळ तेवढ्यावरून कोणास मागे ओढण्याचा मला अधिकार नाही. मी त्या मुलास तीन प्रश्न विचारतो. तुला पोसणार कोण, आणि कोणत्या अटीवर? करारावर सही करण्यापूर्वी तो वडिलांस वाचून दाखविलास का? दुसरा प्रश्न : तू खेळतोस त्या खेळाचा धनी कोण, आणि उद्या त्याने दार लाविले तर तू कोठे उभा राहशील? तिसरा : खेळ संपल्यावर तुझ्या हाती काय उरेल? चौघांस बांधून ठेवणे, चुकीचे विश्लेषण करणे, हजारो लोकांपुढे न अडखळता बोलणे, चित्रीकरणाची काटछाट करणे, संगणकाचे ज्ञान. यांपैकी जे तू शिकशील त्यास कोणी कुलूप घालू शकणार नाही. दहावी-बारावीचे प्रमाणपत्रही त्याच पेटीत ठेव. खाशाबांस कांस्यपदकाने मान दिला. संसार चालविला तो नोकरीने.

आणि घरांतील वडील मंडळींस माझे मागणे एवढेच आहे की, मुलाच्या खेळास एकदा शेजारी बसून पाहावे. नायकाचा हुकूम तो पाळतो की भांडतो, हरल्यावर मोबाईल आदळतो की चूक शोधतो, हे अर्ध्या घटकेत कळते. बाळू पालवणकरांची गोलंदाजी प्रथम ओळखली ती समोर बॅट घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने. दूर उभे राहून कोणाचेच कसब ओळखता येत नाही.

सिंदखेडच्या परिसरात एके काळी दांडपट्टा आणि घोडदौड हे पोरांचे खेळ होते, आणि त्याच खेळांतून लखुजी जाधवांच्या पदरचे शिपाई तयार होत. त्यांतही सर्वच सरदार झाले नाहीत. बहुतेकांनी शेवटी नांगरच धरला. परंतु जे शिकले ते खेळाच्या निमित्ताने शिकले, आणि त्यांच्या पाठीशी घर आणि गाव उभे होते. आमच्या ओट्यांवरच्या मुलांना तेवढा आधार आपण देऊ शकलो, तर ती धंदेवाईक झाली काय आणि हौशी राहिली काय, त्यांचे आयुष्य एका कंपनीच्या कुलपावर टांगलेले राहणार नाही.